५५५ चा अलार्म: वाजत नाही, नको तसा वाजतो, थांबत नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपण नेमक्या कोणत्या सर्किटबद्दल बोलतोय?

दोन ५५५ टायमर (आठ पायांचे आयसी) वापरून केलेल्या दोन सुरांच्या अलार्मबद्दल. पहिला आयसी सावकाश चालतो, सेकंदाला साधारण एक फेरी. दुसरा आवाज काढतो. दोघांची जोडणी सारखीच आहे: पिन ८ आणि ७ च्या मध्ये १० किलोओहम (आर१), पिन ७ आणि ६ च्या मध्ये ६८ किलोओहम (आर२), पिन ६ आणि २ एकमेकींना जोडलेल्या आणि तिथून ग्राउंडला कपॅसिटर. पिन ४ आणि ८ पॉझिटिव्हला, पिन १ ग्राउंडला. फरक फक्त कपॅसिटरचा. पहिल्याला १० मायक्रोफॅरड, दुसऱ्याला ०.०१ मायक्रोफॅरड, म्हणजे बरोबर हजारपट लहान. म्हणून पहिला जवळपास १ हर्ट्‌झवर चालतो आणि दुसरा जवळपास १००० हर्ट्‌झवर.

पहिल्याच्या पिन ३ (आउटपुट) वरून १० किलोओहमचा रेझिस्टर दुसऱ्याच्या पिन ५ वर जातो. दुसऱ्याच्या पिन ३ वरून १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड ओलांडून ८ ओहमचा छोटा स्पीकर. सप्लाय ९ व्होल्ट. तुमच्या सर्किटमध्ये आकडे थोडे वेगळे असतील तरी चालेल, खालची उत्तरं तशीच लागू पडतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. हे सर्किट बिघडलं की आपला बिघाड तेच ओरडून सांगतं. मल्टिमीटर हातात घेण्याआधी नीट ऐका.

काहीच वाजत नाही. सुरुवात कुठून करू?

शेवटाकडून. स्पीकर सर्किटमधून काढा आणि १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर स्पीकर किंवा त्याची वायर गेलेली आहे आणि तुम्ही विनाकारण आयसीला शिव्या देत होतात.

स्पीकर ठीक असेल तर दुसऱ्या ५५५ कडे या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडवर. चालत्या सर्किटमध्ये ९ व्होल्टवर साधारण असं दिसतं: पिन ८ वर ९, पिन ४ वर ९, पिन ५ वर ६ च्या आसपास (पहिला आयसी चालू असेल तर हा आकडा हलत राहतो), पिन २ आणि ६ वर ४ ते ५, पिन ३ वर ४ च्या आगेमागे. पिन ३ प्रत्यक्षात सेकंदाला हजार वेळा वरखाली होत असते, मीटर तिची सरासरी दाखवतो. म्हणून पिन ३ वर मधलाच आकडा दिसत असेल तर आयसी आंदोलनं करतोय आणि घोटाळा त्याच्या पुढे आहे: १०० ओहम, १०० मायक्रोफॅरड, वायर.

पिन ३ एका टोकाला चिकटलेली असेल तर ती कोणत्या टोकाला आहे ते बघा. साडेसात व्होल्टच्या आसपास चिकटली आणि पिन २-६ शून्याजवळ असेल, तर कपॅसिटर चार्जच होत नाहीये. एकतर तो शॉर्ट आहे, नाहीतर आर१ किंवा आर२ पैकी एकाचा पाय हवेत आहे. उलट पिन ३ शून्यावर आणि पिन २-६ जवळपास ९ व्होल्टवर असेल, तर कपॅसिटर भरतोय पण रिकामा होत नाहीये, म्हणजे पिन ७ ची जोडणी सुटलेली. आणि पिन ३ शून्यावर, पिन २-६ सुद्धा शून्यावर? मग पिन ४ (रिसेट) बघा, ती खाली ओढली गेलीय. रिसेट असताना आयसी पिन ७ मधून कपॅसिटर रिकामा करून ठेवतो, म्हणून दोन्ही शून्य.

ही तीन रूपं लक्षात राहिली की ५५५ चे बरेचसे रुसवे कळतात.

सगळी जोडणी बरोबर आहे, तरी काही नाही. आयसीच गेला असेल ना?

बहुतेक नाही. ५५५ हा चांगलाच चिवट आयसी आहे. हान्स कामेनझिंड यांनी तो १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी रचला, १९७२ मध्ये तो बाजारात आला आणि मूळ रचना अजूनही तशीच विकली जाते. तो जळतो तो साधारणपणे तीन कारणांनी: सप्लाय उलटा जोडला, १६ व्होल्टच्या वर गेलात, किंवा आर१ शून्य ओहम झाला.

तिसरं कारण जरा समजून घ्या. सूर बदलता यावा म्हणून पुष्कळ जण आर१ च्या जागी प्रीसेट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) लावतात आणि तो फिरवत फिरवत एका टोकाला नेतात. आता पिन ७ थेट पॉझिटिव्हला जोडली गेली. आतला ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करायला जातो आणि अख्खा सप्लाय ग्राउंडला शॉर्ट करतो. आयसीला बोट लावलं तर चटका बसतो. प्रीसेटबरोबर सिरीजमध्ये किमान १ किलोओहम कायमचा ठेवा. त्याहून बरं म्हणजे प्रीसेट आर२ च्या जागी लावा. सूर तिथूनही छान बदलतो.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग टोचून जोडायचा बोर्ड) माझा संशय आयसीवर शेवटी जातो. त्याआधी हे तपासा. आयसी मधल्या खाचेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलाय का? एखादा पाय आत जाण्याऐवजी पोटाखाली दुमडला तर नाही ना? खाच किंवा ठिपका असलेली बाजू डावीकडे धरली तर पिन १ खाली डावीकडे येते आणि मोजणी घड्याळाच्या उलट दिशेने जाते. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या सप्लायच्या पट्ट्या बऱ्याचदा मध्यावर तुटलेल्या असतात. वरच्या अर्ध्याला ९ व्होल्ट, खालच्या अर्ध्याला काही नाही. यावर मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. तेव्हापासून सप्लाय पट्टीवर न मोजता थेट आयसीच्या पायावर मोजतो.

पीं पीं ऐवजी भुंग्यासारखी घरघर येते.

०.०१ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरड लागलाय. पिवळसर सिरॅमिक कपॅसिटरवर १०३ लिहिलं असेल तर तो ०.०१, १०४ असेल तर ०.१, १०२ असेल तर ०.००१. शेवटचा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये. दहापट मोठा कपॅसिटर म्हणजे दहापट खालचा सूर, १००० हर्ट्‌झऐवजी १००. उलट १०२ लागला तर सूर दहा हजार हर्ट्‌झच्या घरात जातो, डास कानाशी आल्यासारखा. छोट्या स्पीकरवर तो जेमतेम ऐकू येतो.

कपॅसिटर लागलाच नसेल किंवा त्याचा पाय सुटलेला असेल, तर गंमत होते. ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांमधली जी काही थोडी पिकोफॅरड धारकता असते तिच्यावरच आयसी धावतो, लाखो हर्ट्‌झवर. मीटर पिन ३ वर छान मधला आकडा दाखवतो, पण स्पीकर मूग गिळून गप्प. मघाशी म्हटलं की पिन ३ वर मधला आकडा दिसला तर घोटाळा पुढे आहे, त्याला हा एक अपवाद.

वारंवारता कशी काढायची?

वारंवारता = १.४४ ÷ ((आर१ + २ × आर२) × सी). ओहम आणि फॅरड वापरा. आपल्या आकड्यांनी: १० हजार अधिक १ लाख ३६ हजार म्हणजे १ लाख ४६ हजार, गुणिले ०.०१ मायक्रोफॅरड, उत्तर ९८६ हर्ट्‌झ. आर२ ची दुप्पट होते कारण कपॅसिटर भरताना करंट आर१ आणि आर२ दोन्हींतून जातो आणि रिकामा होताना फक्त आर२ मधून. म्हणजे आर२ दोनदा मोजला जातो.

मोजायला महागडं उपकरण लागत नाही. मोबाइलवर वाद्य जुळवायचं ट्यूनर ॲप असतं, ते हर्ट्‌झमध्ये आकडा दाखवतं. फक्त दोन आयसींना जोडणारा १० किलोओहमचा दुवा काढून मग मोजा, म्हणजे सूर स्थिर राहील. गणितापेक्षा दहा-वीस टक्के इकडेतिकडे आला तर ते कपॅसिटरच्या टॉलरन्सचं काम आहे, त्याच्या मागे लागू नका.

एकच सूर सलग वाजतो, वरखाली होत नाही.

हा माझा आवडता बिघाड, कारण इथे मीटरची गरजच नसते.

पिन ५ वर काहीच न जोडता दुसरा ५५५ साधारण ९९० हर्ट्‌झवर वाजतो. आयसीच्या आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर एकाखाली एक आहेत आणि पिन ५ वरून दोन तृतीयांशच्या ठिकाणी निघते, म्हणून तिथे ६ व्होल्ट असतात. कपॅसिटर या व्होल्टेजपर्यंत भरतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंत रिकामा होतो. आता पहिल्याची पिन ३ शून्यावर गेली की १० किलोओहममधून पिन ५ खाली खेचली जाते, ६ वरून साडेचारवर. कपॅसिटरला कमी चढायचं असतं, फेरी लवकर संपते आणि सूर चढून १२७० हर्ट्‌झच्या आसपास जातो. पहिल्याची पिन ३ वर गेली की पिन ५ सुमारे ६.४ व्होल्ट होते आणि सूर उतरून ९१० हर्ट्‌झच्या जवळ येतो.

म्हणजे तुमच्या कानाला तीन सूर माहीत हवेत: दुवा जोडलेलाच नसताना मधला, पहिला आयसी वर चिकटला असताना खालचा, खाली चिकटला असताना वरचा. आता सलग सूर वाजत असताना १० किलोओहमचा एक पाय उचला. सूर चढला, तर पहिला आयसी वर चिकटला होता. सूर उतरला, तर तो खाली चिकटला होता. काहीच बदललं नाही, तर दुवा मुळात लागलेलाच नव्हता: रेझिस्टर एक भोक शेजारी गेलाय, किंवा तो पिन ५ ऐवजी पिन ४ वर टोचलाय. पहिला आयसी का चिकटला ते वरच्या तीन रूपांवरून शोधा. १० मायक्रोफॅरड उलटा बसवला असेल तर तोही संशयित: त्याची निगेटिव्ह पट्टी ग्राउंडकडे हवी.

पहिल्याच्या पिन ३ वर १ किलोओहम आणि एलईडी कायमचा लावून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो. लुकलुकतोय म्हणजे अर्धं सर्किट निर्दोष, एका नजरेत.

दोन सूर येतात, पण फरक अगदी थोडा आहे. किंवा फार जास्त आहे.

१० किलोओहम बदला. ४.७ केलात तर सुरांमधलं अंतर वाढतं, २२ किंवा ४७ केलात तर कमी होतं. रंग वाचताना चूक होते तीही बहुतेक इथेच. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलो, तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलो. कृत्रिम पिवळट उजेडात नारिंगी, लाल आणि तपकिरी सगळे भाऊ-भाऊ दिसतात. मीटरने मोजून लावा.

अंतर फारच जास्त असेल, एक सूर किंचाळतो आणि दुसरा जवळपास नाहीसाच होतो, तर आयसीवरचं नाव वाचा. टीएलसी५५५, एलएमसी५५५, आयसीएम७५५५ हे सीमॉस प्रकार. पिना त्याच, पण आतले ते तीन रेझिस्टर पुष्कळ मोठे, काहींत १०० किलोओहमच्या घरातले. त्यांच्यापुढे बाहेरचा १० किलो फार बलवान ठरतो आणि पिन ५ ला पार या टोकाकडून त्या टोकाकडे ओढतो. तिथे १०० किलो ते ३३० किलोओहम लावून पाहा.

मला कर्णा वर-खाली घसरत जावा तसा आवाज हवाय, टीं-टूं नको.

दुसऱ्याच्या पिन ५ पासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावा, पॉझिटिव्ह पिन ५ कडे. आतले रेझिस्टर आणि बाहेरचा १० किलो मिळून तिथे सुमारे २.५ किलोओहम दिसतात. त्यांचा आणि १०० मायक्रोफॅरडचा गुणाकार पाव सेकंद होतो. आता पिन ५ उडी मारत नाही, सरकत जाते, आणि सूरही सरकतो. ४७ लावलात तर घसरण चपळ होते, २२० लावलात तर आळसावते आणि वरचा-खालचा सूर पुरता गाठलाही जात नाही. तेव्हा पहिल्या आयसीचा कपॅसिटरही वाढवा, २२ किंवा ४७ करा.

सप्लाय दिल्यादिल्या एक तीक्ष्ण ‘कुईं’ येऊन सूर खाली उतरतो. बिघाड नाही. १०० मायक्रोफॅरड रिकामा असतो, पिन ५ शून्यावरून चढायला लागते, म्हणून सुरुवात उंच सुराने होते.

चालू केल्यावर पहिला सूर जास्त लांबतो. का?

कारण पहिल्या फेरीत १० मायक्रोफॅरड शून्यापासून भरतो, नंतरच्या फेऱ्यांत तो एक तृतीयांशावरूनच सुरू करतो. गणिताने पहिला टप्पा सुमारे ०.८६ सेकंद, पुढचे ०.५४. सगळ्यांच्या सर्किटमध्ये असंच होतं. सोडून द्या.

आवाज फार बारीक आहे.

असणारच. १०० ओहमच्या मागे बसलेल्या ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम १० मिलिवॅट मिळतात. टेबलावर प्रयोग करायला पुरेसं, दाराबाहेर ऐकवायला नाही.

पण करंट वाढवण्याआधी एक फुकटचा उपाय करा. उघडा स्पीकर पुढून हवा ढकलतो तेव्हाच मागून ओढतो, आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. एका पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट दाबून बसवा. फरक ऐकून चकित व्हाल. डब्यात बसवला तर आणखी.

त्यानंतरही कमी पडलं तर ट्रान्झिस्टर लावा. १०० ओहम काढून स्पीकर थेट पिन ३ ला जोडू नका. ५५५ चं आउटपुट २०० मिलिअँपिअरपर्यंत झेपावतं हे खरं, पण ८ ओहम त्याच्याकडे त्याच्या किती तरी पट मागतो. बीडी१३९ घ्या: बेसला पिन ३ वरून ४७० ओहम, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर आणि पॉझिटिव्ह यांच्यामध्ये स्पीकर आणि ३३ ओहम सिरीजमध्ये. स्पीकरला समांतर १एन४००७ डायोड, त्याची पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. यात करंट साधारण २२० मिलिअँपिअरपर्यंत जातो. तो ३३ ओहमचा रेझिस्टर पाव वॅटचा लावलात तर वासाने कळेल: त्याच्यात पाऊण वॅटपेक्षा जास्त उष्णता होते. २ वॅटचा लावा. बीसी५४७ इथे चालणार नाही, त्याची कमाल १०० मिलिअँपिअर.

तुमचा आयसी सीमॉस असेल तर ट्रान्झिस्टरशिवाय गत्यंतर नाही. टीएलसी५५५ आउटपुट खाली ओढताना १०० मिलिअँपिअर घेऊ शकतो, पण वर ढकलताना फक्त १० देतो. त्यांच्याकडून थेट स्पीकर वाजवणं म्हणजे मुंगीकरवी गाडा ओढवणं. वरचा ४७० ओहमसुद्धा त्याला जड जातो. बेसला १ किलोओहम आणि कलेक्टरमध्ये ३३ ऐवजी १०० ओहम घ्या.

स्पीकरऐवजी बझर लावला तर विचित्र खरखर येते.

बझर दोन जातींचे असतात आणि दिसायला जुळे भाऊ. एकाच्या पोटात स्वतःचं आंदोलक सर्किट असतं, त्याला नुसता डीसी दिला की तो ओरडतो. दुसरा नुसती पिएझो चकती असतो, त्याला बाहेरून सूर द्यावा लागतो. बॅटरीला टेकवून बघा. सलग ‘पीं’ आली तर पहिली जात, नुसतं ‘टक्’ झालं तर दुसरी.

पहिल्या जातीच्या बझरला आपल्या दुसऱ्या ५५५ चा सूर दिला तर दोन सूर एकमेकांत मिसळून कर्कश काहीतरी तयार होतं. तो वापरायचाच असेल तर दुसरा ५५५ काढून टाका आणि बझर पहिल्याच्या पिन ३ ला जोडा. पीं… पीं… मिळेल, तेही कमी भागांत. नुसत्या चकतीचा प्रश्न वेगळा. ती एका ठरावीक सुराला, बहुतेक २ ते ४ हजार हर्ट्‌झच्या दरम्यान, सर्वांत जोरात बोलते आणि १००० ला कुजबुजते. आर२ च्या जागी प्रीसेट फिरवत जा. एका ठिकाणी आवाज अचानक मोठा होईल, तिथेच थांबा.

जोरात वाजवायला गेलं की आवाज अडखळतो, फटफट होते.

बॅटरी. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मीटरवर ८.७ दाखवेल आणि भार आला की ६ वर बसेल. वाजत असताना मोजा, मोकळी असताना नव्हे.

बॅटरी ताजी असेल तर डीकपलिंग, म्हणजे सप्लायवरचे झटके शोषणारे कपॅसिटर, बघा. साधा ५५५ आउटपुट बदलताना एका क्षणासाठी आतल्या आत सप्लायकडून मोठा करंट खेचतो. तो झटका शेजारच्या ५५५ पर्यंत पोचतो, त्याचा उंबरठा हलतो, आणि दोघे एकमेकांच्या तालात ढवळाढवळ करायला लागतात. प्रत्येक आयसीच्या पिन ८ आणि १ च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड, आणि बोर्डावर सप्लाय येतो तिथे १०० मायक्रोफॅरड. पहिल्या आयसीच्या पिन ५ वर ०.०१ मायक्रोफॅरड ग्राउंडला. एवढे कपॅसिटर आकृतीत नाहीत म्हणून लोक वगळतात आणि मग तक्रार करतात की आकृती चुकीची आहे.

ॲडॉप्टरवर चालवताना सुराखाली जाडसर घोंगाट येत असेल तर तो ॲडॉप्टरचा. ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड लावा. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर मात्र जपून: भार नसताना तो १६ च्याही वर जाऊ शकतो.

दार उघडलं की ११ सेकंद वाजून थांबायला हवा. थांबतच नाही.

इथे तिसरा ५५५ एकदाच चालणाऱ्या टायमरसारखा जोडलेला असतो आणि त्याची पिन ३ बाकीच्यांच्या पिन ४ ला (त्या पॉझिटिव्हपासून सोडवून). वेळ = १.१ × आर × सी. १ मेगओहम आणि १० मायक्रोफॅरड म्हणजे ११ सेकंद.

न थांबण्याची कारणं दोन. सोपं आधी: वेळ संपायच्या आत पिन २ परत वर गेली पाहिजे. दाराचा स्विच पिन २ ला थेट ग्राउंड करत असेल आणि दार उघडंच राहिलं, तर टायमर बापडा काय करणार. स्विच आणि पिन २ च्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड घाला, दोन्ही बाजूंना पॉझिटिव्हकडे १० किलोओहम, आणि पिन २ पासून पॉझिटिव्हला १एन४१४८, पट्टी पॉझिटिव्हकडे. आता दार कितीही वेळ उघडं राहो, पिन २ ला एक टिचकीच बसते.

दुसरं कारण चोरटं आहे. कुणीतरी वेळ वाढवायला १०० मायक्रोफॅरड लावतो, ११० सेकंदांची अपेक्षा ठेवून. कपॅसिटरला ६ व्होल्टपर्यंत चढायचं असतं. तिथे पोचताना १ मेगओहममधून फक्त ३ मायक्रोअँपिअर येत असतात. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून तेवढा करंट सहज गळतो. येणारा आणि गळणारा सारखा झाला की पाणी तिथेच थांबतं, ६ व्होल्ट कधी होतच नाहीत आणि अलार्म वाजतच राहतो. रेझिस्टर २२० किलोच्या खाली आणा, कपॅसिटर त्या मानाने मोठा आणि नवा घ्या. त्यापेक्षा जास्त वेळ हवा असेल तर ५५५ सोडा आणि मोजणी करणारा आयसी घ्या.

अलार्म थांबवायला पिन ४ खाली ओढतो, तरी चालूच.

पिन ४ साधारण ०.७ व्होल्टच्या खाली गेल्याशिवाय रिसेट होत नाही, काही आयसींना ०.४ च्या खाली लागतं. मध्ये डायोड घातला असेल तर डायोडच ०.६ ते ०.७ खातो आणि पिन ४ सीमारेषेवर लोंबकळत राहते. डायोड काढा, किंवा लहान ट्रान्झिस्टरने थेट ग्राउंडला ओढा.

पिन ४ मोकळी सोडणं त्याहून वाईट. कधी चालते, कधी बोट जवळ नेलं की बंद पडते. वापरत नसाल तर पिन ८ ला बांधून टाका.

कुणी हात लावला नाही तरी मध्यरात्री वाजतो.

दारापर्यंत गेलेली लांब वायर म्हणजे अँटेना. पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट चालू-बंद झाली की तिच्यात झटका येतो आणि पिन २ ला तो दार उघडल्यासारखा वाटतो. वायरी दोन्ही एकमेकींभोवती पिळून न्या. स्विचच्या बाजूचा १० किलो कमी करून २.२ करा. पिन २ पासून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरड, आयसीच्या अगदी पायाशी. आणि टायमरच्या पिन ५ वर ०.०१ आहे ना ते पुन्हा बघा.

आगीच्या, धुराच्या किंवा गॅसच्या सूचनेसाठी मात्र घरी केलेल्या या सर्किटवर विसंबू नका. ते काम तपासणी होऊन आलेल्या तयार उपकरणाचं.

अलार्म गप्प असतानाही बॅटरी दोन दिवसांत संपते.

दोन साधे ५५५ नुसते बसून ९ व्होल्टवर १० ते १५ मिलिअँपिअर घेतात. रिसेट केलं म्हणजे झोपले असं नाही, आवाज बंद, खाणं चालू. स्विच सप्लायवर घाला, म्हणजे गप्प असताना करंट शून्य. ते शक्य नसेल तर सीमॉस वापरा, तो मिलिअँपिअरच्या एका अंशावर राहतो.

ऑसिलोस्कोप नाही. आवाजाच्या भागात काय चाललंय ते कसं बघू?

त्याला हळू करा. दुसऱ्या ५५५ च्या ०.०१ ला समांतर १० मायक्रोफॅरड लावा, पिन ३ वर एलईडी. आता तो सेकंदाला एकदा लुकलुकेल आणि पिन २-६ वर मीटरचा आकडा ३ ते ६ व्होल्टमध्ये चढताना-उतरताना डोळ्यांनी दिसेल. ३ वरून वळत नसेल किंवा ६ ओलांडून पुढे जात असेल, तर कुठे अडलं ते समोरच आहे.

ब्रेडबोर्डवर मस्त चालत होतं, सोल्डर करून डब्यात घातलं आणि बंद.

आधी ५५५ च्या शेजारशेजारच्या पायांमध्ये सोल्डरचा पूल झालाय का ते भिंगाने बघा, विशेषतः २ आणि ३ मध्ये. मग पट्टीवाल्या बोर्डावर जिथे पट्टी तोडायची होती तिथे ती खरंच तुटली आहे का, आयसीच्या पोटाखालच्या चारही ठिकाणी. एखादा तांब्याचा केस शिल्लक राहतो. दोन आयसींऐवजी एक ५५६ लावला असेल तर त्याच्या पिना वेगळ्या आहेत: ग्राउंड ७, सप्लाय १४, आउटपुट ५ आणि ९. ५५५ चे आकडे डोक्यात ठेवून जोडलं तर काहीच जमणार नाही.

डबा धातूचा असेल तर बोर्डाच्या खालचे पाय त्याला टेकत नाहीत ना तेही बघा. आणि पिएझो चकती तळाला सपाट चिकटवली असेल तर ती सोडवा. चकतीला मधून थरथरायला जागा लागते. फक्त कडेने, बारीक कड्यावर चिकटवा आणि समोर भोक ठेवा.